साडूच्या गाडीतली तीन मीटरं

माझ्या साडूनं त्याच्या पिकअपमध्ये तीन जादा मीटरं बसवून घेतली आणि आमचे सासरे चष्मा लावून त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसले. मला आग लागली ती तिथून.

आधी आमचं नातं सांगतो. सासऱ्यांचं गाव चंदगड तालुक्यात. काजूची बाग आहे आणि घरामागं काजू फोडायचा छोटा कारखाना. मोसमात आसपासच्या वाड्यांतला मालही त्यांच्याकडंच जमतो आणि तो कोल्हापूरला पोचवायचं काम आम्हा दोन जावयांकडं. थोरला मी, शिवाजी पेठेत राहणारा, एकोणिसाव्या वर्षापासून स्टेअरिंगवर. धाकटा साडू हुपरीचा. तो पंधरा वर्षं फाउंड्रीत कामाला होता आणि मेहुणी घरी बसून पैंजणांना घुंगरं जोडते. तीन वर्षांपूर्वी त्यानं नोकरी सोडली आणि माझ्या गाडीसारखीच डिझेलची पांढरी पिकअप घेतली. पोत्यांवर दोर कसा टाकायचा, भरल्या गाडीला चढाला गिअर कधी बदलायचा, उतारावर ब्रेक कसे राखायचे, हे सगळं त्याला मी शिकवलं. हे मुद्दाम सांगतोय. पुढचे दोन महिने मला हेच सारखं आठवत होतं.

सासऱ्यांच्या घरात माझं एक नाव होतं. मला इंजिनाचा आवाज कळतो. हे खोटं नाही. पट्टा सैल झाला, बेअरिंग कुरकुरायला लागलं, की दुसऱ्या कुणाला पत्ता लागायच्या आधी मला कळतं. लग्न झालं त्या वर्षी सासऱ्यांच्या ट्रॅक्टरचं दुखणं मी अंगणात चहा पीत पीत, नुसतं ऐकून सांगितलं होतं. तेव्हापासून ते आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या थोरल्या पावण्याचा कान म्हंजे डाक्तरची नळी हाय." हे एक वाक्य मी चौदा वर्षं जपून ठेवलं होतं. सासरे तसे कुणाचं कौतुक करणारे नाहीत. स्वतःच्या पोरींचंही करत नाहीत.

त्या सकाळी मी अंगणात गाडी लावली तर साडूच्या गाडीत पोती चढत होती आणि सासरे त्याच्या सीटवर. पुढच्या काचेच्या कडेला जो खांब असतो त्याच्यावर एकाखाली एक अशी तीन गोल मीटरं. काळी तबकडी, पांढरे आकडे, लाल काटा. साडू खिडकीशी उभा राहून सासऱ्यांना समजावून सांगत होता. तो मोठ्यानं बोलतो. मोठ्यानं तर आमचं सगळं कोल्हापूरच बोलतं, पण साडूचं बोलणं म्हणजे मैदानाच्या पलीकडच्या गोलकीपरला हाक मारल्यासारखं.

"ह्ये वरचं टर्बोचं, मामा. टर्बो इंजिनात किती हवा ढकलतोय ते दिसतंय. मधलं धुराचं. इंजिनातनं बाहेर पडताना धूर किती तापलाय ते डिग्रीत. आणि ह्ये खालचं ऑइलच्या प्रेशरचं."

"मग कंपनीनं काय दिलंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"त्येनी ऑइलला नुसता दिवा दिलाय. त्यो लागला म्हंजे माणूस गेल्यावर आलेली तार."

सासरे हसले. त्यांनी गाडी चालू करायला लावली. काटे उठले. सासऱ्यांनी वाकून काचेवर बोट ठेवलं आणि काटा जसा हलेल तसं ते बोट सरकवत राहिले. मग त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं.

"या पावणं, बघा ह्येनं काय केलंय. आता आवाज-बिवाज ऐकत बसायची भानगडच न्हाय. सगळं डोळ्याम्होरं!"

आवाज-बिवाज. चौदा वर्षांचा माझा मान त्यांनी असा एका शब्दात गुंडाळला, आणि त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मी "भारी हाय की" म्हणालो आणि टायर बघायच्या निमित्तानं माझ्या गाडीमागं गेलो. माझ्या केबिनमध्ये सासरे इतक्या वर्षांत दोनदा बसले होते. दोन्ही वेळा दवाखान्यात जायला.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. म्हणालो, "ज्येला गाडी कळत न्हाय त्येला मीटर लागतंय."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग तुमाला का झोंबतंय?"

"मला कशाला झोंबतंय?"

"आल्यापास्नं चौथ्यांदा सांगताय."

घरात मी विषय सोडला. पण तालमीच्या कट्ट्यावर सोडला नाही. तिथं साडूला मी आधीपासूनच भोंगा म्हणायचो. त्याच्या मोठ्या आवाजाची नक्कल करायचो आणि पोरं हसायची. आता त्यात मीटरांची भर पडली. "मामा, धूर तापलाय!" असं मी हात हलवून ओरडायचो. हशा व्हायचा. पण हशा संपला की मी एकटा असताना मोबाइलवर मीटरंच बघत बसायचो. मार्केटात माल उतरवायचा नंबर लागेपर्यंत तास-तास जायचा, तेवढा सगळा वेळ मी काटे, तबकड्या, सेन्सर असलंच बघायचो. साडूच्यापेक्षा चांगलं काय मिळतंय, एवढाच शोध. शेवटी एक संच मागवला. त्यात चार मीटरं होती. टर्बो, धूर, ऑइल, आणि चौथं पाण्याच्या तापमानाचं. खोकं घरी आलं तेव्हा बायकोनं विचारलं, "ह्ये कशाला?"

"चढाला गरज लागती," मी म्हणालो.

तिनं खोक्यावरच्या चित्रातली मीटरं बोटानं मोजली. मी दुसरीकडं बघितलं.

उद्यमनगरातले माझे जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं गाडी नेली. त्यांनी संच उलटापालटा करून बघितला. म्हणाले, "बाकीचं सोपं हाय. पण धुराच्या मीटरला मॅनिफोल्डला, म्हंजे धूर टर्बोत नेणाऱ्या बिडाच्या नळीला, भोक पाडून आटे काढाय लागतील. त्यो उतरवून घ्यायचा, मगच ड्रिल लावायचं. बिडाचा कीस टर्बोत गेला तर पाती खाऊन टाकील. दोन दिवस गाडी सोड."

"रविवारी माल भरायचाय."

"मग सोमवारी ये."

सोमवारी मला चालणार नव्हतं. रविवारी दोन्ही गाड्या सासऱ्यांच्या अंगणात एकाच वेळी उभ्या राहणार होत्या आणि माझी चार मीटरं त्या दिवशी तिथं दिसायला हवी होती. मी गाडी परत आणली. शनिवारी सकाळी गल्लीतच, घराम्होरं, बॉनेट उघडून कामाला लागलो.

काम मला येतं, हेही सांगून ठेवतो. टर्बोची नळी जोडायला दहा मिनिटं लागली. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला एक रबरी बूच असतं, त्याला छिद्र करून वायरी आत घेतल्या. पाण्याच्या वरच्या पाइपात जोड बसवला. मॅनिफोल्डला मात्र तो न उतरवताच भोक पाडायला घेतलं. ड्रिलच्या टोकाला ग्रीस थापायचं, म्हणजे कीस त्याला चिकटून येतो. थोडं फिरवायचं, काढायचं, पुसायचं, परत ग्रीस. शेवटचे वेढे हातानं दिले. आटे काढले, आत लोहचुंबकाची काडी घालून फिरवली. तीन वेळा कीस आला, चौथ्या वेळी काही आलं नाही. खांबावर बसवायच्या चौकटीला तीनच खाचा होत्या. चौथं मीटर कुठं लावायचं? तीनच लावली असती तर काही बिघडलं नसतं. पण मग चार कशी झाली असती? ऑइलचं मीटर मी खाली, गुडघ्याजवळ, गिअरच्या दांड्याशेजारी लावलं.

हे चाललेलं असताना साडूचा फोन आला. मेहुणीला बायकोनं सांगितलं असणार.

"दादा, मीटरं बसवताय म्हणं! वा! थांबा की, मी येतो, दोघं मिळून करू."

"झालंय सगळं," मी म्हणालो. झालं नव्हतं.

"काय?"

"झालंय म्हणतोय!"

"हां हां. एकच ध्यानात ठेवा. ऑइलचा सेन्सर जड असतोय. त्यो पितळी टीवर तसाच लोंबकळत ठिवू नका. इंजिनाच्या थरथरीनं पितळ मानंत तुटतंय. मधी लवचीक पाइप टाका आणि सेन्सर बाजूला पत्र्याला आवळा. माझ्याकडं पाइप हाय जादाचा, आणू का?"

"बघतो," म्हणून मी फोन ठेवला.

संचात आलेला पितळी टी, इंग्रजी टी अक्षरासारखा तीन तोंडांचा जोड, माझ्या हातातच होता. एका तोंडाला कंपनीच्या दिव्याचा स्विच, दुसऱ्या तोंडाला लिंबाएवढा नवा सेन्सर. हातात घेतल्याबरोबर कळत होतं की साडू बरोबर बोलतोय. तो पाइप उद्यमनगरात कुठल्याही दुकानात मिळाला असता, स्कूटरवर जाऊन यायला अर्धा तास. पण तो पाइप लावला असता तर माझ्या गाडीत त्याची अक्कल बसली असती. मी टेफ्लॉनच्या टेपचे वेढे दिले, टी तसाच आवळला आणि गाडी चालू केली. चारही काटे उठले. गल्लीतली चार माणसं जमली होती, ती "लई भारी" म्हणाली. मला त्यांचं कौतुक नको होतं.

रविवारी पहाटे निघून आम्ही दोघं साडू आपापल्या गाडीनं चंदगडकडं गेलो. अंगणात गाडी लावली, दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं. सासरे पोत्यांची तोंडं शिवलेली तपासत होते. ते आले, आत डोकावले.

"चार व्हय?"

"व्हय. पाण्याचंबी हाय."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "धाकट्याचं बघून बसवलासा व्हय?" आणि परत पोत्यांकडं गेले. सीटवर बसले नाहीत. काटा बघितला नाही. साडू मात्र आत येऊन बसला, चारही मीटरं बघून खूश झाला, आणि मग खाली वाकून बॉनेटची कडी शोधायला लागला. "ऑइलचं कसं केलासा बघू?"

"उशीर झालाय," मी म्हणालो. "भरा, निघू."

सासऱ्यांच्या गावाहून मोठ्या रस्त्याला लागायला एक लांबलचक वळणाचा चढ आहे. मी पुढं, साडू मागं. पुढं मीच राहणार हे मी अंगणातनं निघतानाच ठरवलं होतं. आदल्या खेपेला साडू म्हणाला होता, या चढाला त्याच्या धुराच्या मीटरचा काटा साडेसहाशेला जातो. माझा सहाशेच्या आत ठेवून मी वर पोचायचं, असं मी ठरवलं. आणि तेही त्याच्यापेक्षा आधी. भरल्या गाडीनं जोरात चढायचं आणि धूरही तापू द्यायचा नाही, हे दोन्ही एकदम होत नसतं. मी पाय सोडायचो, दाबायचो, आणि डोळे त्या एका काट्यावर.

अर्ध्या चढावर साडू हॉर्न वाजवायला लागला. मी आरशात बघितलं. तो दिवेही मारत होता. मला वाटलं, पुढं जायचंय याला. मीटरं दाखवायची आहेत. मी रस्त्याच्या मधोमध गाडी घेतली आणि पाय दाबला. तो हॉर्न वाजवतच राहिला, मी बाजू दिली नाही. दोन वळणं अशी गेली. इंजिनाचा आवाज बदलला होता. टकटक सुरू झाली होती, सुकी, लोखंडाला लोखंड लागल्यासारखी. ती माझ्या कानावर पडलीच असणार, कारण आज डोळे मिटले की मला ती ऐकू येते. पण तेव्हा मी ऐकत नव्हतो. मी आकडे वाचत होतो.

पुढं एके ठिकाणी रस्ता रुंद आहे. तिथं साडूनं गाडी बाजूला काढली, पुढं घातली आणि आडवी लावली. मी ब्रेक मारला. शिवी तोंडातनं बाहेर पडलीच होती, तेवढ्यात जळक्या ऑइलचा वास आला. खाली गुडघ्याजवळ बघितलं. काटा शून्यावर पडलेला. मी चावी फिरवली. मग शांत झालं सगळं.

मी खाली उतरलो. मागं रस्त्यावर काळी रेघ होती, दोन वळणं खाली गेलेली. साडू ती बघत बघत वर आला होता, म्हणून हॉर्न. बॉनेट उघडलं. पितळी टी मानेत तुटला होता. सेन्सर आणि कंपनीचा स्विच दोन्ही वायरींना लोंबकळत होते, इंजिनाला टेकत नव्हते, त्यामुळं दिवाही लागला नव्हता. सगळीकडं ऑइलचा सडा.

साडू वाकून बघत होता. "मी सांगितलं हुतं" एवढं तो म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला नाही. मी त्याच्या उजव्या बाजूला उभा होतो, तिथनंच बोललो, "एवढं कळत हुतं तर फोन करायचास की! नुसता भोंग्यासारखा हॉर्न मारत बसलास!"

त्यानं मान वर केली नाही. चिंधीनं ऑइल पुसत राहिला. मला वाटलं, मुद्दाम दुर्लक्ष करतोय. मी आणखी चढलो. नको ते बोललो, त्याच्या फाउंड्रीवरून, त्याच्या गाडी चालवण्यावरून. मग मी त्याच्या खांद्याला धरून हलवलं. तो दचकला. वळला, डावा कान माझ्याकडं केला.

"काय म्हणालासा, दादा?"

मी त्याच्या खांद्यावरचा हात काढला.

"त्या बाजूनं बोलू नका," तो म्हणाला. पहिल्यांदाच मी त्याला हळू बोलताना ऐकलं. "उजव्या कानानं कायच येत न्हाय आता. डाव्यानं निम्मं. फाउंड्रीतल्या दणदणाटानं गेलं त्ये. म्हणून तर नोकरी सोडली."

मग त्यानं सांगितलं. गेल्या पावसाळ्यात याच चढाला त्याच्या गाडीतलं पाणी संपलं होतं. इंजिन ओरडत होतं, पण त्याला ऐकू आलं नाही. शेजारी सासरे बसले होते. त्यांनी ओरडून गाडी थांबवायला लावली, तोवर इंजिनाचं हेड गेलं होतं. त्या दिवशी त्यानं सासऱ्यांना कानाचं सांगितलं. मीटरं बसव, हे सासऱ्यांनीच सुचवलं.

"तुमच्यासारखा कान असता तर गाडीला कशाला भोकं पाडली असती, दादा? मामा तुमचं सांगाय लागले की मला लई..." तो थांबला. "जाऊ दे. ह्ये कुणाला बोलू नका. कळलं तर माल कोण दील?"

अशा वेळी माणसाला दया यावी. मलाही आली, पण ती सगळ्यांत शेवटी आली. पहिल्यांदा बरं वाटलं, की याला माझा हेवा वाटतो. ते लपवत नाही. आणि दुसऱ्याच क्षणी आत खुपलं की सासऱ्यांना हे वर्षभर ठाऊक होतं. त्यांनी याचं गुपित राखलं, याला इलाज सुचवला, याच्या गाडीत बसून काटे चालतात का ते बघितलं. माझ्यासाठी त्यांनी कधी काय राखलं होतं? मला कधी गरजच पडली नव्हती, हे तेव्हा सुचलं नाही.

साडूनं फोन केल्यावर सासरे ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांनी रस्त्यावरची रेघ बघितली, तुटका टी हातात घेऊन बघितला, आणि म्हणाले, "पावणं, तुमाला कशाला पायजे हुतं ह्ये?"

रागानं नाही, खरोखरच कळत नसल्यासारखं विचारलं. मी पोत्यांवरचा दोर सोडायला लागलो. माझी पोती साडूच्या गाडीत जेवढी बसतील तेवढी चढवली, उरलेली ट्रॅक्टरवर घालून परत नेली. माझी गाडी दोरखंडानं ओढत अंगणात आणली.

घरी आलो तो साडूच्याच गाडीतनं. बायकोला सगळं सांगितलं. कानाचं सांगितल्यावर ती दचकली नाही. मी विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"झालं की वरीस. तिनं सांगितलं मला."

"आणि मला सांगितलं न्हाईस?"

तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "तुमी कट्ट्यावर त्येला भोंगा म्हणत हुतासा. कान गेलाय कळल्यावर काय म्हणाला असता?"

मी म्हणालो, "गप्प बसलो असतो." मला स्वतःलाच ते खरं वाटलं नाही. सगळ्या घरानं मिळून एक गोष्ट माझ्यापासून लपवली होती, आणि लपवायला त्यांच्याकडं कारण होतं. त्या दिवसानंतर मी कट्ट्यावर त्याचं नाव काढलं नाही. पोरांनी एकदोनदा विषय काढला, "भोंगा काय म्हणतोय?" मी म्हणालो, "बरा हाय."

इंजिनाची बेअरिंगं गेली होती. दुसऱ्या गाडीवर घालून माझी पिकअप उद्यमनगरला आणली. मिस्त्रींनी इंजिन उघडलं, बेअरिंगं हातावर ठेवून मला दाखवली आणि एवढंच म्हणाले, "सोमवारी ये म्हटलं हुतं." बारा दिवस गाडी उभी राहिली, ऐन मोसमात. तेवढ्या दिवसांत सगळा माल साडू एकट्यानं ओढत होता. त्यानंच फोन केला, "दादा, घरात बसून काय करणार? माझ्याबरोबर चला. मलाबी बरं पडंल."

जायची इच्छा नव्हती. घरी बसायची त्याहून नव्हती. गेलो. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो, म्हणजे त्याचा ऐकू येणारा डावा कान माझ्याकडं आणि बंद कान रस्त्याकडं. मागनं कुणी हॉर्न दिला की मी त्याच्या गुडघ्यावर दोन बोटं वाजवायचो, मग तो बाजू द्यायचा. हे आम्ही ठरवलं नव्हतं. दुसऱ्या खेपेपासून आपोआप सुरू झालं. तो मीटरं खरंच बघायचा, दर मिनिटाला एकदा, जशी आपण आरशात नजर टाकतो तशी. त्याचं चालवणं माझ्यापेक्षा सावध होतं. शिकवलं मी होतं, पण हे मी शिकवलं नव्हतं.

एका खेपेला सासरेही बरोबर होते, आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलेलो. गडहिंग्लज मागं टाकल्यावर मला एक बारीक चिरका आवाज ऐकू आला. पाण्याच्या पंपाचा. मी म्हणालो, "गाडी बाजूला घे. पंप जाय लागलाय."

साडूनं मीटरं बघितली. त्याच्याकडं पाण्याचं मीटर नव्हतं, पण कंपनीचा काटा जागेवर होता. "काय न्हाय की, दादा."

"घे म्हणतोय."

त्यानं घेतली. आम्ही उतरेपर्यंत कंपनीचा काटा वर सरकायला लागला होता आणि पंपाखालून पाणी ठिबकत होतं. जवळच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीनं बघून सांगितलं, आणखी दहा मिनिटं चालवली असती तर हेड परत गेलं असतं. मी सासऱ्यांकडं बघितलं. आता ते वाक्य येईल, डाक्तरच्या नळीचं, असं मला वाटलं. मी त्याची वाट बघत होतो, लाज वाटावी इतकी.

सासरे साडूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बघ, काटा बघायची सवय लागल्यावर माणूस कसा वाचतोय!"

"दादांनी आधी ऐकलं, मामा," साडू म्हणाला.

"त्ये खरं. पण काट्यानं पक्कं केलं."

साडूनं माझ्याकडं बघून खांदे उडवले. मी हसलो. आतनं हसलो नाही. हसू आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मात्र वाटलं.

माझी गाडी तयार झाल्यावर मिस्त्रींनी विचारलं, मीटरं काढून टाकू का. मी ठेवायला सांगितलं. साडूनं स्वतःकडचा लवचीक पाइप आणून दिला आणि मिस्त्रींशेजारी बसून स्वतःच्या हातानं तो जोडला. तीन मीटरं खांबावर राहिली, त्यात ऑइलचं वर आलं. पाण्याचं काढून मी साडूला दिलं. ते त्याला माझ्यापेक्षा जास्त उपयोगाचं होतं. देताना मी ते असं पुढं केलं, जणू माझ्याकडं जादाचंच होतं. त्यानं ते लगेच घेतलं आणि इतका आनंद झाला त्याला, की मला माझा मोठेपणाही धड भोगता आला नाही.

मोसम संपल्यावर सासरे त्याला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन कोल्हापूरला आले. मेहुणीही होती. दोन दिवस आमच्याच घरी उतरले. डाव्या कानाला मशीन बसवलं. दवाखान्यातनं घरी आले तेव्हा बायको आणि मी स्वयंपाकघरात कशावरून तरी बोलत होतो, रोज बोलतो तसं. साडू दारातच थांबला. डोकं एका बाजूला कलतं करून ऐकत राहिला. मग म्हणाला, "दादा, तुमच्या घरात किती भांडणं चालत्यात हो! इतकी वर्षं मला वाटायचं, तुमी दोघं गुलूगुलू बोलताय!"

बायको हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली, मग खाली बसली, डोळ्यांतनं पाणी आलं. मेहुणी हसली, सासरेही हसले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कुठल्याही बोलण्यावर ती एवढी हसल्याचं मला आठवत नाही. ती उठून चहा टाकायला गेली तरी तिचे खांदे हलतच होते, आणि पहिला कप तिनं त्याला दिला.